सांगोला विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगोल्याचे नाव काढले की राज्यातल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात. वय झालेल्यांना गणपतराव देशमुख आणि तरुणांना आमदार शहाजीबापू पाटलांच्या फोनवरचे "काय झाडी, काय डोंगार". या दोन्हींच्या मागे साठ वर्षांच्या लढतींचा हिशोब आहे आणि त्यातले आकडे अनेकदा चुकीचे सांगितले जातात. सारखे येणारे प्रश्न म्हणून इथे एकत्र घेतले आहेत.

सांगोला मतदारसंघात नेमका कोणता भाग येतो?

सोलापूर जिल्ह्यातला सांगोला तालुका संपूर्ण आणि शेजारच्या पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळ. ही आजची रचना २००८ च्या पुनर्रचनेनंतरची. मतदारसंघाचा क्रमांक २५३, जागा खुली. माण नदीच्या काठचा हा भाग पर्जन्यछायेत येतो. डाळिंब, खिल्लार जनावरांचा बाजार आणि उन्हाळ्यातली पाण्याची ओढ ही तालुक्याची जुनी ओळख. पाण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्र राज्य झाल्यापासून इथून कोण कोण निवडून आले?

यादी इतकी छोटी आहे की एका दमात सांगता येते. १९६२ आणि १९६७ ला शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) गणपतराव देशमुख. १९७२ ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील. १९७४ च्या पोटनिवडणुकीत पुन्हा देशमुख आणि तिथून १९७८, १९८०, १९८५, १९९० सलग तेच. १९९५ ला काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. १९९९, २००४, २००९, २०१४ पुन्हा देशमुख. २०१९ ला शहाजीबापू, या वेळी शिवसेनेकडून. २०२४ ला शेकापचे डॉ. बाबासाहेब देशमुख, गणपतरावांचे नातू.

म्हणजे साठ वर्षांत चार आमदार, आणि त्यातले दोघे एकाच घरातले.

गणपतराव दहा वेळा निवडून आले की अकरा वेळा?

अकरा वेळा. घोळ होतो तो १९७४ मुळे. निवडणूक आयोगाचे जुने सांख्यिकी अहवाल सार्वत्रिक निवडणुकांचे असतात, पोटनिवडणूक त्यात सापडत नाही. नुसते ते अहवाल चाळून मोजले की १९६२, ६७, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, ०९, १४ असे दहाच विजय हाती लागतात. मग कोणीतरी उत्साहाने "अकरा हा आकडा चुकीचा आहे" असे लिहून टाकतो. चुकीचा नाही, फक्त अहवालात नाही.

ते ५४ वर्षे आमदार होते असे वाचले. बरोबर आहे का?

बेरीज करून बघा. १९६२ ते १९७२ ही दहा वर्षे. १९७४ ते १९९५ ही साधारण एकवीस. १९९९ ते २०१९ ही वीस. एकूण एक्कावन्नच्या आसपास. १९८० ला विधानसभा बरखास्त झाली होती, तो काळ वजा केला तर थोडे कमीच. चोपन्न, पंचावन्न असे आकडे श्रद्धांजलीच्या लेखांमध्ये फिरले आणि तिथून सगळीकडे गेले. पन्नास वर्षे एकाच जागेवरून, एकाच पक्षातून हे काय थोडे आहे? त्याला वाढवून सांगायची गरज नाही.

हा देशातला विक्रम आहे का?

महाराष्ट्रातला आहे. देशातला म्हणताना जपून. केरळमध्ये के. एम. माणी पाला मतदारसंघातून १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. ओमन चंडी पुतुपल्लीतून बारा वेळा. तमिळनाडूचे करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले, पण मतदारसंघ बदलत बदलत.

माणी आणि गणपतराव यांच्यात एक फरक मात्र सांगण्यासारखा आहे. माणी यांच्या पक्षाच्या फुटी आणि जुळण्या मोजायला कागद लागतो. गणपतराव १९६२ ला ज्या लाल बावट्याखाली उभे राहिले, त्याच बावट्याखाली २०१४ ला, वयाच्या ८८ व्या वर्षी, शेवटचे निवडून आले.

ते मूळचे सांगोल्याचेच का?

जन्म १० ऑगस्ट १९२६ चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. शिक्षणाने वकील. सांगोल्यात लोक त्यांना आबासाहेब म्हणत. १९७७ ला ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले, १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि पुन्हा १९९९ च्या विलासराव देशमुख सरकारात मंत्री. निधन ३० जुलै २०२१ ला सोलापुरात. एसटीने मुंबईला जाणारा आमदार ही त्यांची ख्याती सगळ्यांनी ऐकलेली असते. पण त्या साधेपणाच्या गोष्टींत एक मोठी बाब झाकून जाते: हा माणूस संघटना बांधण्यात अतिशय कसलेला होता. साधेपणावर अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत.

१९७२ ला ते दुष्काळामुळे हरले का?

नाही. हा क्रम उलटा लावला जातो. मतदान मार्च १९७२ मध्ये झाले आणि मोठा दुष्काळ पडला तो त्यानंतरचा पावसाळा कोरडा गेल्यावर. मार्चमध्ये हवा होती ती बांगलादेश युद्धानंतरच्या इंदिरा गांधींची. काँग्रेसने २७० पैकी २२२ जागा घेतल्या, शेकाप सातवर आला. सांगोला त्या लाटेत गेला, एवढेच.

दुष्काळाचा परिणाम शोधायचाच असेल तर तो १९७४ च्या पोटनिवडणुकीत शोधावा. दोन वर्षे खडी फोडून आणि पाझर तलावांची कामे करून लोक दमले होते. अशा काळात विरोधातला, मजुरीसाठी आणि कामासाठी भांडणारा माणूस परत निवडून आला, यात नवल वाटू नये.

१९९५ ला फक्त १९२ मतांनी पराभव झाला, हे खरे?

खरे. शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून उभे होते आणि १९२ मतांनी निवडून आले. तेव्हा मतदान मतपत्रिकेवर शिक्का मारून व्हायचे, मोजणी हाताने. कोणत्या गावाने "घात केला" याच्या कहाण्या अजून ऐकायला मिळतात. त्या ऐकाव्यात आणि सोडून द्याव्यात, कारण त्या काळात अनेक ठिकाणी मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकमेकांत मिसळत. गावनिहाय पक्का आकडा मिळणे अवघड. आणि १९२ हा फरक एवढा लहान आहे की प्रत्येक वाडी वस्तीला वाटू शकते, आपल्यामुळेच झाले.

राज्यात त्याच निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली होती. काँग्रेस ८० वर आली, शिवसेना-भाजपचे सरकार बसले. तेव्हा सांगोल्याने काँग्रेसचा आमदार निवडला. लाटेच्या उलट जाण्याची ही इथली पहिली वेळ नव्हती. १९८० ला इंदिरा काँग्रेसने राज्य जिंकले, सांगोला शेकापकडे राहिला. २०१४ ला भाजपच्या १२२ जागा आल्या, सांगोला शेकापकडे. २०२४ ला भाजप, शिंदे यांची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी मिळून २३० वर गेली आणि सांगोला पुन्हा शेकापकडे. १९७२ आणि २०१९ चे निकाल मात्र असे की सांगोल्याचा कौल आणि राज्यातला विजेता एका बाजूला दिसतात. त्यातही २०१९ ला महिनाभरात राज्यातले सरकारच भलत्या तिघांचे झाले, ते वेगळे.

शेकाप राज्यभर आटत गेला, मग सांगोल्यातच का टिकला?

आधी आटण्याचा वेग बघू. विधानसभेत शेकापचे १९६७ ला १९ आमदार होते. १९८५ ला १३, १९९५ ला ६, २००४ ला २. २०१४ ला ३ झाले: सांगोला, अलिबाग आणि पेण. २०१९ ला एकच, तोही नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याचा. २०२४ ला पुन्हा एकच, सांगोल्याचा. रायगड हा पक्षाचा खरा गड मानला जायचा. तिथे आज विधानसभेत पक्षाचा कोणी नाही आणि या दुष्काळी तालुक्यात आहे.

कारणे माझ्या मते तीन, आणि तिन्ही सारख्या वजनाची नाहीत.

पहिले आणि सर्वांत जड कारण पाणी. इथे पाण्याचा प्रश्न कधी सुटला नाही आणि तो मांडणारा माणूस कधी बदलला नाही. नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने १९९३ पासून आटपाडीला दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या. कृष्णेचे पाणी माणदेशात वर चढवून आणा, ही मागणी. गणपतराव त्यात अगदी पुढे होते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचे पाणी तालुक्याच्या काही भागात पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. नीरा उजव्या कालव्याच्या सांगोला शाखेच्या शेवटच्या टोकाला पाणी मिळते की नाही, हा तर कायमचा वाद. असा प्रश्न चाळीस वर्षे चालतो तेव्हा पक्षाचे नाव मागे पडते आणि मोर्चात कोण होते ते लक्षात राहते. विरोधी आमदार असण्याचा तोटा असा की निधी उशिरा येतो. फायदा असा की निधी का आला नाही याचा जाब त्याला विचारला जात नाही. आबासाहेबांच्या टीकाकारांचा हाच तर आक्षेप होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता.

दुसरे कारण सहकार. तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही, तरी इथे शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि चालली. राज्यातल्या कितीतरी सूतगिरण्या कर्जात बुडाल्या त्या काळात. गिरणीत काम करणारी घरे, दूध संस्था, विकास सोसायट्या यांतून पक्षाचा कार्यकर्ता गावात रोज दिसत राहिला.

तिसरे, हिशोबाला शिस्त. पक्षाचे अधिवेशन, वर्गणी, गावबैठका. जुन्या पद्धतीचे, थोडे कंटाळवाणे. पण टिकाऊ.

हे सगळे जातीचे गणित नाही का? सरळ सांगा.

तालुक्यात धनगर समाज मोठा आहे, देशमुख घराणे त्या समाजाचे. शहाजीबापू आणि साळुंखे मराठा. निवडणुकीत याचा उपयोग होत नाही असे म्हणणारा सांगोल्यात गेलेला नसावा.

पण जातीचे प्रमाण पाच वर्षांत बदलत नाही, निकाल बदलतो. २०१४ ला पंचवीस हजारांचा फरक, २०१९ ला उलट्या बाजूने ७६८, २०२४ ला पुन्हा पंचवीस हजार. लोक तेच, गावे तीच. तेव्हा जात हा या जागेचा पाया मानला तरी निकाल कशाने फिरतो हे त्यातून कळत नाही. ते कळते तिसऱ्या गटाकडे पाहिल्यावर.

"तिसरा गट" म्हणजे कोण?

साळुंखे गट. माजी विधान परिषद सदस्य दीपक साळुंखे-पाटील, लोकांच्या तोंडी दीपकआबा. राष्ट्रवादीत असताना या गटाची साथ अनेक वर्षे गणपतरावांना होती. २०१९ ला ती शहाजीबापूंकडे गेली. २०२४ ला साळुंखे स्वतःच उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडून उभे राहिले. सांगोल्याचे गेले तीन निकाल या तीन वाक्यांत बसतात.

२०१९ ला शेकाप ७६८ मतांनी कसा हरला?

गणपतरावांनी वयामुळे उभे राहायचे नाही असे ठरवले. उमेदवारीवरून पक्षात थोडी ओढाताण झाली आणि शेवटी नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले. शहाजीबापूंना ९९,४६४ मते मिळाली, अनिकेत यांना ९८,६९६.

आता २०१४ शेजारी ठेवा. तेव्हा गणपतरावांना ९४,३७४ मते होती आणि शहाजीबापूंना ६९,१५०. म्हणजे शेकापची मते पराभवाच्या वर्षी ४,३२२ ने वाढली! "आबासाहेब नसल्याने शेकापचा मतदार फुटला" हे विश्लेषण तेव्हा सर्रास झाले, ते या आकड्यांवर टिकत नाही. शेकापचा मतदार जागेवर होता. बदल झाला तो समोर: शहाजीबापूंची मते ३०,३१४ ने वाढली. युतीमुळे भाजपचा मतदार आला, साळुंखे गट आला आणि वारंवार हरूनही पुन्हा उभ्या राहणाऱ्या माणसाबद्दल गावाकडे जी एक सहानुभूती असते, तीही आली. तेवढे सगळे एकत्र येऊनही फरक ७६८ चा.

"काय झाडी, काय डोंगार, काय हाटील" चा निवडणुकीवर परिणाम झाला का?

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्यासोबत शिवसेनेचे आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. शहाजीबापू त्यांच्यात होते. तिथून एका कार्यकर्त्याशी झालेल्या फोनवर त्यांनी मुक्कामाचे जे वर्णन केले, त्याची फीत बाहेर आली आणि चार दिवसांत राज्यभर गाणी, विनोद, पाट्या निघाल्या. माणदेशी बोली इतक्या लोकांच्या तोंडी क्वचितच गेली असेल.

प्रसिद्धी अफाट मिळाली, मते नाही. २०२४ ला त्यांना ९०,८७० मते पडली, म्हणजे २०१९ पेक्षा ८,५९४ कमी. बापूंनी त्या सत्तेच्या काळात निधी बराच आणला, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाची सांगोला उपसा सिंचन योजना पुढे रेटली, हे त्यांचे विरोधकही खाजगीत मान्य करतात. गुवाहाटीमुळे हरले असे म्हणायला पुरावा नाही. त्यांच्या विरोधात जाणारा मतदार आधीही नव्वद हजारांच्या वर होताच.

२०२४ ला मतविभागणी झाली नसती तर शहाजीबापू जिंकले असते का?

बापूंचे समर्थक हीच बेरीज दाखवतात: शहाजीबापू ९०,८७० आणि साळुंखे ५०,९६२, दोन्ही मिळून १,४१,८३२. बाबासाहेब देशमुखांना १,१६,२५६. म्हणून विभागणीने घात केला.

बेरीज बरोबर, निष्कर्ष घाईचा. साळुंखेंची सगळी मते बापूंच्या पेटीतून आली असती तर बापू ९९ हजारांवरून पन्नासच्या जवळ आले असते. ते तर साडेआठ हजारांनीच घसरले. उलट शेकाप १७,५६० ने वर गेला. मतदानच वाढले होते आणि मशालीवर, म्हणजे साळुंखेंच्या चिन्हावर, पडलेल्या मतांत ठाकरे यांच्या बाजूचा, सत्तेवर नाराज असा मतदारही होता. साळुंखे नसते तर तो बापूंकडे गेला असता की शिंदे गटाला धडा म्हणून शेकापकडे, हे कोणी छातीठोक सांगू नये. माझा अंदाज असा की लढत पुन्हा काठावर आली असती. २५,३८६ चा फरक तिरंगी लढतीने दिला, विजय मात्र नुसता तिरंगी लढतीचा नाही.

गंमत म्हणजे शेकाप आणि ठाकरे यांची शिवसेना दोघेही महाविकास आघाडीतले. जागेवर दोघांनीही हक्क सांगितला, कोणी माघार घेतली नाही आणि तरी आघाडीतलाच एक निवडून आला.

लोकसभेला सांगोला कुठल्या मतदारसंघात येतो?

माढ्यात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे सोलापूरचे आणि फलटण, माण हे साताऱ्याचे. पुनर्रचनेआधी सांगोला पंढरपूर राखीव मतदारसंघात होता, तिथून १९९९ आणि २००४ ला रामदास आठवले खासदार झाले. २००९ ला माढ्यातून शरद पवार, २०१४ ला विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि २०२४ ला धैर्यशील मोहिते-पाटील. लोकसभेचा कल पाहून इथे विधानसभेचे भाकीत करू नये. शेकापचा लोकसभेला इथे उमेदवार नसला की त्याचा मतदार कुणाच्या तरी मागे जातो आणि सहा महिन्यांनी घरी परततो.

जुने निकाल स्वतः तपासायचे असतील तर कुठे पाहावे?

उमेदवारनिहाय मतांसाठी भारत निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल, प्रत्येक निवडणुकीचा वेगळा. गावपातळीवर जायचे असेल तर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडचा फॉर्म २०, त्यात मतदान केंद्रनिहाय आकडे असतात. महाराष्ट्र विधानसभेला २००४ पासून सगळीकडे यंत्रे आली, त्यामुळे त्यापुढचे केंद्रनिहाय आकडे भरवशाचे.

तुलना करताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. १९८९ च्या आधी मतदानाचे वय २१ होते, तेव्हा त्या काळची मतदारसंख्या आजच्या पट्टीने मोजू नका. २००९ पासून हद्द बदलली, भाळवणीची गावे आली, म्हणून २००४ आणि २००९ चे आकडे एकमेकांसमोर जसेच्या तसे ठेवू नयेत. आणि २०१४ पासून नोटाचा, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" चा, रकाना आहे. ७६८ सारख्या फरकाच्या निकालात तोही एकदा नजरेखालून घालावा.